ठोकळ्यांचं हवेवर चालणारं इंजिन: जोर पुरतो, श्वास पुरत नाही

लेगोच्या ठोकळ्यांचं, हवेच्या दाबावर चालणारं रेल्वे इंजिन करायला घेतलं की पहिली काळजी वाटते ती जोराची. एवढीशी प्लास्टिकची सिलिंडरं डबे ओढतील का? म्हणून दाब वाढवला जातो, गिअर लावून वेग कमी केला जातो, आणि तरी इंजिन दोन ठोके मारून थांबतं. हिशोब आधी करून पाहिला तर खरी अडचण वेगळीच निघते.

दोन स्टड (स्टड म्हणजे ठोकळ्यावरची गोल गाठ, लेगोचं माप त्यावरच मोजतात) रुंदीचं मोठं सिलिंडर घ्या. आतला व्यास १२ मिमी धरला तर दट्ट्याचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी होतं. १ बार दाबाला, म्हणजे साधारण १५ पीएसआयला, दट्ट्यावर सव्वाअकरा न्यूटन जोर येतो; काट्यावर मोजला तर सव्वा किलोच्या थोडा आत. दोन दुहेरी, म्हणजे दट्ट्याला दोन्ही बाजूंनी हवा देणाऱ्या, सिलिंडरांच्या इंजिनाची ओढ काढायचं रेल्वेचं जुनं सूत्र इथेही चालतं: व्यासाचा वर्ग गुणिले दट्ट्याची धाव गुणिले दाब, भागिले चाकाचा व्यास. धाव १६ मिमी आणि चाक ३० मिमी धरलं तर उत्तर येतं ७.७ न्यूटन, म्हणजे पाऊण किलोची ओढ. आता रुळाकडे पाहा. चालत्या चाकांवर ८०० ग्रॅम वजन असेल आणि प्लास्टिकवर प्लास्टिकची पकड वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढी धरली, तर रूळ जेमतेम २०० ग्रॅमची ओढ पेलतो. त्यापुढे चाकं जागच्या जागी फिरतात. दट्ट्याच्या रिंगा आणि व्हॉल्व यांच्या घर्षणात निम्मा जोर गेला तरी इंजिनाकडे रुळाला पेलवेल त्याच्या दुप्पट जोर उरतो.

तेव्हा दाब वाढवून काही साधत नाही. हवा सिलिंडरात वेळेवर शिरली पाहिजे, वेळेवर बाहेर पडली पाहिजे आणि वाटेत कुठे गळता कामा नये. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

माप कोणतं धरायचं

लेगोच्या रुळाच्या आतल्या कडांमधलं अंतर साडेसदतीस मिमीच्या आसपास भरतं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची, म्हणजे प्रमाण १:४५ पडतं. भुसावळला उभं असलेलं ३२५० मिमी रुंदीचं धूड या मापात ७२ मिमी होतं. एक स्टड ८ मिमीचा, म्हणजे बरोबर ९ स्टड. दिसायला हे सुरेख. पण नऊ स्टडात दोन सिलिंडरं, क्रँक (दट्ट्याची ये-जा फिरतीत बदलणारा हात), गिअर आणि व्हॉल्व बसवताना बोटं शिरत नाहीत.

पहिल्यांदा करणाऱ्याने पाचोरा–जामनेरच्या मापाने करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ही पीजेची लाइन ७६२ मिमीची नॅरोगेज होती. तेच लेगोचे रूळ ७६२ मिमीचे मानले तर प्रमाण १:२० होतं, आणि २ मीटर रुंदीचं छोटं इंजिन १०० मिमी, म्हणजे बारा-साडेबारा स्टड रुंद करता येतं. रूळ तेच, चाकं तीच, पण आत जागा दीडपट. त्यातही साइड टँकचं इंजिन निवडावं. बॉयलरच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या टाक्या म्हणजे आपली सिलिंडरं झाकायला आयत्या पेट्या.

सिलिंडरं बाहेर, चाकांच्या शेजारी लावायचा मोह होतो, कारण खऱ्या वाफेच्या इंजिनात ती तिथेच दिसतात. पहिल्या इंजिनात हा मोह टाळा. यंत्र वर, सांगाड्याच्या आत ठेवा आणि गिअरने खाली चाकांना जोडा. असं केलं की यंत्र वेगळं काढून टेबलावर चालवून पाहता येतं. चाकांचा दोष आणि हवेचा दोष एकमेकांत मिसळला तर तो शोधण्यात आठवडे जातात.

यंत्र

सामान फार नाही. मोठी दुहेरी सिलिंडरं २, तीन तोंडांचे व्हॉल्व २, टी (नळीला फाटा फोडणारे जोड) ३, २४ दातांचे गिअर २, पुढच्या सुधारणेसाठी ४० दातांचा १, एका टोकाला ॲक्सलचं अधिकचिन्ही आणि दुसऱ्या टोकाला पिनचं गोल भोक असलेले दोन भोकांचे बीम २ (हेच आपले क्रँक), १५ भोकांचे बीम ४ ते ६, ॲक्सल, पिन, बुश (ॲक्सल सरकू नये म्हणून त्यावर बसवायच्या कड्या) मूठभर. नळी सिलिकॉनची, बाहेरचा व्यास ४ मिमी आणि आतला २ ते २.५ मिमी, २ मीटर पुरते. मोठी चाकं ६, त्यातली मधली दोन बिनकडेची. तयार सिलिंडरं घेताना वापरलेली चालतील, पण बोटाने एक तोंड दाबून दांडा ओढा आणि सोडा. तो झटकन माघारी आला तर रिंग शाबूत आहे. जिथे थांबवला तिथेच राहिला तर ते सिलिंडर सजावटीला ठेवा.

क्रँकच्या बीमची दोन भोकं ८ मिमी अंतरावर असतात, म्हणून धाव १६ मिमी. सिलिंडराची पूर्ण धाव मात्र पट्टीने स्वतः मोजा. वेगवेगळ्या पिढ्यांची सिलिंडरं सारखी नाहीत, आणि नकली सुट्या भागांवर तर मुळीच विसंबू नका. पूर्ण धाव किमान १८ मिमी हवी, म्हणजे दोन्ही टोकांना १ मिमी मोकळा राहतो. सिलिंडर मागच्या भोकात पिनवर डुलतं ठेवायचं आणि दांड्याचं टोक क्रँकच्या पिनवर. डुलतं असल्यामुळे क्रॉसहेड, म्हणजे दांडा सरळ रेषेत धरणारा भाग, लागत नाही. मागची पिन अशा अंतरावर हवी की क्रँक दोन्ही टोकांना गेल्यावर दट्टा झाकणावर आपटणार नाही. हाताने सावकाश फिरवताना एखाद्या जागी ‘टक’ लागलं तर पिन अर्ध्या स्टडने सरकवा.

आडवी मांडणी अशी: मधोमध गिअर, त्याच्या दोन्ही बाजूंना सांगाड्याचा बीम, बीमबाहेर क्रँक, क्रँकबाहेर दांडा. सिलिंडर दोन स्टड रुंद असल्यामुळे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बरोबर ८ स्टड होतात. दोन्ही क्रँक एकाच ॲक्सलवर, पण एकमेकांशी काटकोनात. अधिकचिन्ही ॲक्सलमुळे ९० अंश आपोआप मिळतात. दोन सिलिंडरांच्या खऱ्या इंजिनांतही क्रँक असेच काटकोनात असतात. कारण एक दट्टा टोकाला अडकलेला असताना दुसरा भर मध्यावर पूर्ण जोरात असतो आणि इंजिन कुठेही थांबलं तरी हात न लावता सुटतं.

क्रँकचा ॲक्सल लांब ठेवू नका. हे ॲक्सल पिळले जातात, आणि पीळ पडला की काटकोन काटकोन राहत नाही. बीमला दोन्ही बाजूंनी बुश, पण बुश आवळून बसवू नये. कागदाचा एक कपटा मावेल एवढी फट राहिली पाहिजे.

व्हॉल्व: इथेच जिंकायचं किंवा हरायचं

व्हॉल्वचं मधलं तोंड हवा आत येण्याचं. लिव्हर एकीकडे ढकलला की हवा एका बाजूच्या तोंडातून सिलिंडरकडे जाते आणि दुसऱ्या तोंडाकडून परत येणारी हवा बाहेर सुटते. दुसरीकडे ढकलला की उलट. लिव्हर मध्यावर असला की सगळं बंद.

दट्टा टोकाला पोचतो त्याच क्षणी हवेची बाजू बदलली पाहिजे, म्हणजे त्या क्षणी लिव्हर मध्यावर हवा. दट्टा मध्यावर असताना व्हॉल्व पूर्ण उघडा हवा. दुसऱ्या शब्दांत, व्हॉल्वची हालचाल दट्ट्याच्या हालचालीच्या पाव फेरी पुढे असली पाहिजे. आणि आपल्याकडे पाव फेरी पुढे चालणारी वस्तू आयतीच आहे: दुसरं सिलिंडर. म्हणून पहिल्याच्या क्रँकपिनवरून एक जोडदांडा दुसऱ्याच्या व्हॉल्वला न्यायचा आणि दुसऱ्याच्या पिनवरून पहिल्याच्या व्हॉल्वला. वेगळी विकेंद्री चकती (एक्सेंट्रिक) वगैरे काही लागत नाही.

यात एक मेख आहे. दुसरं पहिल्याच्या पाव फेरी पुढे असेल, तर पहिलं दुसऱ्याच्या पाव फेरी मागे असतं. त्यामुळे दोघांपैकी एकाच सिलिंडरच्या दोन नळ्यांची अदलाबदल करावी लागते. कोणत्या, ते विचार करत बसण्यापेक्षा लावून पाहा. हवा दिल्यावर इंजिन अर्ध्या फेरीत अडून घट्ट उभं राहिलं, म्हणजे दोन सिलिंडरं एकमेकांविरुद्ध ओढताहेत. कोणत्याही एकाच्या नळ्या बदला. इंजिन छान चाललं पण उलट दिशेला, तर दोन्ही सिलिंडरांच्या नळ्या बदला. हे दोन नियम लक्षात ठेवले तर निम्मी डोकेदुखी संपते.

लिव्हरचा प्रवास जुळवणं हे सगळ्यात किचकट काम. क्रँकपिन या टोकापासून त्या टोकापर्यंत १६ मिमी सरकते. लिव्हरला एक बीम जोडून तो लांब करा आणि जोडदांडा अशा भोकात लावा की त्या भोकाचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा प्रवास १६ मिमीपेक्षा किंचित जास्त असेल. कमी असला तर लिव्हर आपल्या थांब्यावर आदळतो आणि क्रँक पुढे जाऊ शकत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं दाब कमी पडला, तो दाब वाढवतो, आणि शेवटी जोडदांड्याची पिन उडते. खूप जास्त असला तर व्हॉल्व कधीच पूर्ण उघडत नाही. मग इंजिन चालतं, पण दमेकऱ्यासारखं. क्रँक टोकाला असताना लिव्हर बरोबर मध्यावर आहे ना, हे प्रत्येक सिलिंडरसाठी दोन्ही टोकांना पाहायचं, म्हणजे एकूण चार वेळा. फरक दिसला तर जोडदांड्याची लांबी बदला. अर्ध्या स्टडचाही फरक चालीत ऐकू येतो: टक-टक-टक-टक असा सारखा ठोका न येता टक-टाक, टक-टाक असा लंगडा आवाज येतो.

नवे व्हॉल्व फार घट्ट असतात. बसवण्याआधी सिलिकॉन ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका देऊन लिव्हर शे-दोनशे वेळा इकडून तिकडे करा. गंजावर मारायचा फवारा, शिवणयंत्राचं तेल, वाहनाचं ग्रीस यांतलं काहीही वापरू नका. खनिज तेलाने आणि त्यातल्या पातळ द्रावकाने ठोकळ्यांच्या प्लास्टिकला ताणाच्या जागी बारीक तडे जातात, आणि ते महिन्याभराने दिसतात.

वेगात चालणाऱ्या इंजिनाला हवा टोकाच्या जरा आधी द्यावी लागते, कारण नळीतून यायला तिला वेळ लागतो. एकमेकांच्या पिनवरून व्हॉल्व चालवण्याच्या पद्धतीत हे जमत नाही, ते ९० अंशांवर कायम अडकलेलं आहे. पुढच्या टप्प्यावर व्हॉल्वसाठी वेगळा ॲक्सल करून तो २४ दातांच्या दोन गिअरनी फिरवावा. एक दात सरकवला की १५ अंश मिळतात. ९० ऐवजी १०५ अंशांवर ठेवलं की वेगात चाल मोकळी होते, पण सुटताना इंजिन थोडं अडखळतं. १६ दातांच्या गिअरला एका दाताला साडेबावीस अंश होतात, ते जास्तच. पहिल्या इंजिनात या वाटेला जायची गरज नाही.

नळ्या आणि गळती

नळीची लांबी हा फुकटचा तोटा. सिलिंडर एका धावेत १.८ घनसेंमी हवा घेतं. अडीच मिमी आतल्या व्यासाच्या १० सेंमी नळीत ०.४९ घनसेंमी हवा मावते, म्हणजे सिलिंडरच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. ही हवा दर धावेला भरायची आणि काहीही काम न करता सोडून द्यायची. म्हणून व्हॉल्व सिलिंडरच्या शक्य तितक्या जवळ. ४ सेंमी नळी जमली तर उत्तम. सिलिंडर डुलतं म्हणून एक-दोन सेंमी ढील मात्र हवी. टाकीपासून व्हॉल्वपर्यंतची नळी लांब असली तरी असा तोटा नाही, तिच्यात दाब कायम असतो. तिथे फक्त ती चिंचोळी नको.

सिलिकॉनची नळी आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून पर्याय शोधले जातात. सलाइनची नळी घट्ट बसत नाही आणि वाकवली की मोडते. माशांच्या टाकीची नळी ६ मिमीची, ती निपलवर, म्हणजे नळी चढवायच्या तोंडावर, सैल. जळगाव भागात मात्र एक वस्तू गावोगावी आहे: ठिबकची ४ मिमी मायक्रोट्यूब आणि तिचे जॉइनर, टी, छोटे कॉक. ही ट्यूब ताठ असते, त्यामुळे डुलत्या सिलिंडरला निरुपयोगी. पण टाकीकडून इंजिनाकडे येणाऱ्या सरळ भागाला ती आणि तिचे टी चांगले चालतात. सिलिकॉनची नळी ताणून ठिबकच्या जॉइनरवर चढते आणि घट्ट पकडते. ठिबकचा कॉक वेग कमीजास्त करायलाही लेगोच्या व्हॉल्वपेक्षा बरा, कारण तो हळूहळू उघडतो.

नळी कात्रीने कापू नका, कात्री तोंड चपटं करते. नव्या ब्लेडने, काटकोनात. निपलवर ती किमान ४ मिमी चढली पाहिजे.

गळती साबणाच्या पाण्याने शोधा. दाब १ बार, इंजिन हाताने धरून थांबवलेलं. आधी सगळे सांधे, मग व्हॉल्वच्या लिव्हरचं मूळ, मग सिलिंडरच्या दांड्याचं तोंड. दांड्याच्या तोंडाशी दोन-चार बुडबुडे येतच असतात, ते सोडून द्या. फेस सतत वाढत असेल तर मात्र रिंग गेली. हे क्रँकच्या चारही पाव फेऱ्यांवर करायचं, कारण व्हॉल्व एका बाजूला ठीक आणि दुसऱ्या बाजूला गळका असू शकतो.

इथे एक फसवा प्रकार होतो. बाटलीत भराभर हवा मारली की ती तापते, आणि पुढच्या काही मिनिटांत थंड होताना गेजचा काटा आपोआप खाली येतो. लोक गळती समजून सांधे उकलायला बसतात. हवा भरल्यावर पाच मिनिटं थांबा, मग काट्यावर खूण करा.

टाकी

हवेची टाकी म्हणून ६०० मिलीची प्लास्टिकची बाटली घ्यायची, पण गॅसच्या पेयाचीच. पाण्याची किंवा फळांच्या रसाची बाटली दाबासाठी बनवलेली नसते. काचेची बाटली कधीही नाही, आणि पीव्हीसी पाइपची टाकीही नाही. पीव्हीसी फुटताना त्याच्या धारदार कपच्या उडतात. बाटलीच्या झाकणाला साडेअकरा मिमीचं भोक पाडून त्यात मोटारीच्या ट्यूबलेस चाकाचा साधा रबरी व्हॉल्व आतून ओढून बसवा. मग सायकलचा पायपंप, पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर, काहीही लागतं. हवा बाहेर काढायला पितळी निपल, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर आणि नट. ठिबकचं ग्रोमेट (भोकात बसवायची रबरी कडी) इथे वापरू नका. ते शेतातल्या एक-दीड बारसाठी असतं, बाटलीतल्या ३ बारला सुटून उडतं.

बाटलीतला दाब ३ बार, म्हणजे ४५ पीएसआयच्या वर नेऊ नका. पहिल्यांदा भरण्याआधी बाटली पाण्याने काठोकाठ भरून साडेचार बारपर्यंत पंप मारून पाहा. पाणी दबत नाही, त्यामुळे बाटली फाटली तरी फक्त पाणी सांडतं. डोळ्यांना चष्मा, आणि मुलं जवळ असतील तर त्यांनाही. चरा पडलेली, चेपलेली, धुरकट पांढरी रेघ आलेली बाटली टाकून द्या.

बाटली इंजिनात मावत नाही. ती मागच्या वाघिणीत ठेवा आणि तिच्यासोबत एक छोटा प्रेशर रेग्युलेटर ठेवून इंजिनाला १ बार द्या. रेग्युलेटर नसला तर इंजिन सुरुवातीला उधळतं आणि मग मरगळतं. शिवाय २ बारच्या पुढे नळ्या निपलवरून निसटायला लागतात.

आता किती चालेल? ३ बारपासून १ बारपर्यंत ६०० मिलीच्या बाटलीतून मोकळ्या हवेच्या मापाने १.२ लिटर हवा मिळते. ३० मिमी चाक एका फेरीत ९४ मिमी जातं, म्हणजे मीटरला साडेदहा-अकरा फेऱ्या. नळ्यांतली वाया जाणारी हवा धरून मीटरमागे पावणेदोनशे घनसेंमी हवा लागते. गळती नसेल तर सहा-सात मीटर. लेगोच्या नेहमीच्या वळणांचं, १६ तुकड्यांचं आणि ४० स्टड त्रिज्येचं वर्तुळ २ मीटर घेराचं असतं, म्हणजे तीन फेऱ्या.

इथेच सुरुवातीचा हिशोब कामाला येतो. विजेच्या मोटारीची सवय असलेला माणूस वेग कमी करणारे गिअर लावतो. हवेच्या इंजिनात ते उलटं करा. इंजिनाकडे ओढ जास्त आहे आणि श्वास कमी, मग क्रँकच्या ॲक्सलवर ४० दातांचा आणि चाकाच्या ॲक्सलवर २४ दातांचा गिअर लावला तर चाक क्रँकच्या एका फेरीत पावणेदोन फेऱ्यांच्या जरा आत फिरतं. ओढ पाऊण किलोवरून पावणेपाचशे ग्रॅमवर येते. घर्षण वजा जाता तीही रुळाच्या पकडीला पुरून उरते. आणि तेवढ्याच हवेत तीनऐवजी पाच फेऱ्या होतात. सुरुवात मात्र २४–२४ ने करा, चाल बसल्यावर बदला. २४–२४ साठी दोन ॲक्सलमधलं अंतर ३ स्टड लागतं आणि ४०–२४ साठी ४ स्टड, म्हणून सांगाड्यात यंत्र एक स्टड वर उचलायची सोय आधीच ठेवा.

हवेवरच्या खऱ्या गाड्यांनाही हाच प्रश्न पडला होता. फ्रान्समधल्या नांत शहरात १८७९ पासून मेकार्स्की पद्धतीच्या हवेच्या ट्रामगाड्या धावत, आणि स्वित्झर्लंडमधला गोटहार्डचा बोगदा खणताना धूर नको म्हणून हवेची इंजिनं वापरली होती. मेकार्स्कीच्या गाडीत हवा गरम पाण्यातून नेत, कारण पसरताना ती इतकी गार पडते की बाष्प गोठतं. आपल्या १ बारला गोठण्याचा प्रश्न येत नाही, पण पावसाळ्यात बाटलीच्या तळाशी पाण्याचे थेंब साठतात. ते नळीत गेले की व्हॉल्व चिकटतात. बाटली निपल वरच्या अंगाला येईल अशी ठेवा आणि दर पाच-सहा भरण्यांनंतर उलटी करून झटकून घ्या.

चाकं आणि रूळ

चाकांच्या मध्यांत ५ स्टड, म्हणजे ४० मिमी अंतर. कडेसकट चाक त्याहून कमी भरतं ना, ते पाहा. तीन जोड्यांपैकी मधली बिनकडेची, नाहीतर वळणावर इंजिन रुळावरून उचललं जातं. चाकं एकमेकांना जोडणारे बाहेरचे जोडदांडे दोन्ही बाजूंना काटकोनात. एकाच रेषेत लावले तर टोकाला आल्यावर एक चाक पुढे आणि एक मागे फिरू पाहतं आणि सगळं अडतं. जोडदांड्याची भोकं पिनवर सैल हवीत, घर्षणाच्या पिना तिथे नकोत. बिनघर्षणाच्या, करड्या रंगाच्या वापरा.

पकड वाढवायला रबरी रिंगची खाच असलेली चाकं एका जोडीला पुरतात. सगळ्यांना रबर घातलं तर वळणावर इंजिन स्वतःशीच भांडतं. वजन म्हणून लोखंडी नट साइड टँकच्या तळाशी, चालत्या चाकांच्या बरोबर वर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून ८०० ग्रॅम ते १ किलो. फरशीवर सरळ रूळ मांडू नका. शहाबादीच्या सांध्यावर रूळ वाकतो आणि गाडी तिथेच अडते. खाली प्लायवूड घ्या.

पहिली चाल रुळावर नको. चाकं हवेत धरून, १ बारवर दहा मिनिटं फिरवा. मिनिटाला २०० फेऱ्या सारख्या मिळाल्या की रुळावर ठेवा. २४–२४ गिअरवर तो सेकंदाला सुमारे ३० सेंमी वेग होतो आणि डोळ्यांना तो शोभतो.

आपल्या हवेचे दोन शत्रू आहेत. एक कापूस. जिनिंगच्या दिवसांत हवेत तंतू असतातच, पंप ते ओढतो आणि व्हॉल्वच्या बारीक भोकात त्यांची वात वळली जाते. पंपाच्या तोंडाला पातळ फोमचा तुकडा बांधा. काळ्या मातीची धूळ ग्रीसबरोबर मिळून तर घासकागदच होते, म्हणून ग्रीस फक्त आतल्या रिंगांना, बाहेरच्या दांड्याला नाही. दुसरा मे महिना. सावलीतला ४५ अंशांचा ताप बाटलीतला दाब फारसा वाढवत नाही. सकाळी २८ अंशांना ३ बार भरला तर दुपारी सव्वातीन होईल. पण उन्हात किंवा बंद मोटारीत बाटलीचं प्लास्टिकच नरम पडतं. काम संपलं की हवा सोडून द्या, झाकण सैल ठेवा, आणि इंजिन ठेवताना दोन्ही व्हॉल्वचे जोडदांडे काढून लिव्हर मध्यावर करा, म्हणजे आतलं रबर एका बाजूला दबून बसत नाही.